फॉस्फो झॅप-७० चा बँड कधी येतो, कधी गायब: नवीन अँटीबॉडी मागवायच्या आधी हे बघा

ज्यांनी टी पेशींचं सिग्नलिंग वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं जेलवर वेगळी करून, मेंब्रेनवर उतरवून अँटीबॉडीने शोधायची पद्धत) बघायचा उद्योग केलाय त्यांना ही रड वेगळी सांगायला नको. सोमवारी फॉस्फो झॅप-७० चा, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या झॅप-७० प्रोटीनचा, बँड असा ठसठशीत येतो की फोटो लगेच मॅडमना व्हॉट्सॲपवर जातो, आणि गुरुवारी तोच प्रोटोकॉल, तीच ट्यूब, तोच माणूस आणि मेंब्रेन कोरं करकरीत. मग आपण काय करतो, अँटीबॉडी मेली असं जाहीर करतो आणि नवीन मागवायच्या फॉर्मवर सही घ्यायला जातो. मी स्वतः हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा नवीन ट्यूब आली, पहिला ब्लॉट झक्कास आला, आणि दीड महिन्यात परत पहिले पाढे पंचावन्न. तेव्हा कुठे डोक्यात आलं की नवीन ट्यूब आली की आपण उत्साहाच्या भरात बाकीचंही सगळं ताजं करतो, पेशी नवीन काढतो, बफर नवीन बनवतो, आणि बँड आला की श्रेय मात्र ट्यूबला देतो.

आमच्याकडे दरवर्षी नवीन ज्युनियर आले की हाच प्रश्न परत येतो, "ताई, बँड नाही आला", म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी आपण नेमकं काय शोधतोय ते दोन मिनिटांत. झॅप-७० म्हणजे टी सेल रिसेप्टरच्या झीटा साखळीला चिकटणारं ७० किलोडाल्टनचं प्रोटीन, १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आर्थर वाइस यांच्या लॅबमधून त्याचं जीन क्लोन झालं. काम असं की रिसेप्टर ओढला गेला की एलसीके नावाचा कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) झीटा आणि सीडी३ या रिसेप्टरच्याच साखळ्यांच्या शेपट्यांवर फॉस्फेट लावतो, त्या फॉस्फेटांवर झॅप आपल्या दोन एसएच२ हातांनी बसतो, मग एलसीके त्यालाही फॉस्फेट लावतो, मधल्या भागात टायरोसिन ३१५ आणि ३१९ वर आणि कायनेज भागात ४९३ वर, आणि असा जागा झालेला झॅप पुढे लॅट आणि एसएलपी-७६ या प्रोटीनांना पकडतो. हे नसेल तर काय होतं ते १९९४ मध्ये माणसांतच दिसलं, ज्या मुलांत झॅप-७० बिघडलेलं होतं त्यांच्या रक्तात सीडी८ पेशी जवळपास नव्हत्याच, आणि सीडी४ होत्या पण रिसेप्टरमधून हाक मारली तरी ओ देत नव्हत्या. आपण वापरतो ती अँटीबॉडी बहुतेक वेळा सशाची असते आणि टायरोसिन ३१९ वर फॉस्फेट असलेला तुकडाच ओळखते. म्हणजे ती प्रोटीन शोधत नाहीये, प्रोटीनची दोन-चार मिनिटं टिकणारी अवस्था शोधतेय. पुढचं सगळं रामायण त्यातूनच निघतं.

पहिला प्रश्न: टोटल आहे का?

कुणी रडत आलं की मी आधी एवढंच विचारते. त्याच लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या अर्कावर) टोटल झॅप-७०, म्हणजे फॉस्फेट असो-नसो सगळा झॅप, बघितलास का? टोटलही नसेल तर फॉस्फोचा विचारच करू नका, लोडिंग, ट्रान्सफर, ईसीएल (बँड चमकवणारं द्रव), सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटणारी दुसरी) यातलं काहीतरी गेलंय, पॉन्सो (मेंब्रेनवरचं प्रोटीन दाखवणारा लाल रंग) लावून बघा आणि विषय संपवा. एकच सांगते, एचआरपीवाल्या (ईसीएल चमकवणारं एन्झाइम जोडलेल्या) सेकंडरीच्या डब्यात कुणी प्रेमाने सोडियम अझाइड टाकलंय का ते विचारा, कारण अझाइड एचआरपीला मारतं आणि मग सगळ्या लॅबचे सगळे ब्लॉट एकाच आठवड्यात कोरे येतात. आमच्याकडे हे झालंय. बुरशी येऊ नये म्हणून टाकलं होतं बिचाऱ्याने.

टोटल छान आहे आणि फक्त फॉस्फो नाही, हा खरा छळ, आणि त्यात माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा अँटीबॉडीचा काही संबंध नसतो. फॉस्फेट लायसिस होईपर्यंत टिकलेलंच नसतं.

घड्याळ लावून बघा

आमचा पहिला चोर असा सापडला. आमच्याकडे ३७ डिग्रीचा वॉटरबाथ कल्चर रूममध्ये आणि थंड सेंट्रिफ्यूज कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं, दोन मिनिटं स्टिम्युलेट करा, थंड पीबीएस (मिठाचा बफर) टाका, स्पिन करा, सुपरनेटंट काढा, लायसिस बफर टाका. वाचायला किती छान. प्रत्यक्षात दोन मिनिटं झाली, पीबीएस टाकलं, बर्फाचा डबा घेऊन कॉरिडॉरमधून चालत गेलो, सेंट्रिफ्यूज दुसऱ्या कुणाचा चालू, तो थांबायची वाट, मग पाच मिनिटं स्पिन, मग आठ ट्यूबमधून एकेक करून पाणी काढणं. जर्काट पेशींत (लॅबमध्ये वाढणारी टी पेशींची लाइन) ओकेटी३ (सीडी३ ला चिकटून रिसेप्टर ओढणारी अँटीबॉडी) दिल्यावर हा फॉस्फेट एक-दोन मिनिटांत शिखराला जातो आणि पाच-दहा मिनिटांत बराच उतरतो, आणि बर्फावर फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारी एन्झाइमं) मंद होतात पण झोपत नाहीत. आता गंमत बघा, ज्या दिवशी मी तीनच ट्यूब घ्यायचे त्या दिवशी बँड यायचा, आणि ज्या दिवशी मोठा टाइम कोर्स करायला बसायचे, म्हणजे ज्या दिवशी खरी गरज, त्या दिवशी जायचा. मी वर्षभर याचा संबंध अँटीबॉडीच्या मूडशी जोडत होते.

उपाय साधा आहे, धुणं आणि स्पिन दोन्ही काढून टाका. पेशी आधीच मोजून छोट्या व्हॉल्यूममध्ये घ्या, मी ५० मायक्रोलिटरमध्ये १० लाख घेते, आणि वेळ झाली की त्याच ट्यूबमध्ये तेवढाच दुप्पट ताकदीचा लायसिस बफर टाका. याहून बरं म्हणजे सरळ उकळता लॅमली बफर (जेलवर लोड करायचा एसडीएसचा बफर) टाका आणि ट्यूब ९५ डिग्रीच्या ब्लॉकमध्ये, त्यात एन्झाइम जिवंतच राहत नाही त्यामुळे वादच मिटतो. डीएनएमुळे शेंबडासारखं चिकट होतं, ते बारीक सुईतून सात-आठ वेळा ओढा किंवा सोनिकेट करा. प्रोटीन मोजता येत नाही हा तोटा खरा, पण पेशी नीट मोजल्या असतील तर लेनमागे अडीच-तीन लाख पेशी असा हिशोब पुरतो.

यात एक खड्डा आहे त्यात मी पडले म्हणून सांगते. धुणं काढलं म्हणजे माध्यमातलं सगळं जेलवर जाणार, आणि माध्यमात १० टक्के सीरम असेल तर त्यातलं अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टनला असा ढेकूण धरून बसतं की त्याच्या अगदी डोक्यावरचा आपला ७० चा बँड वाकडा होतो, दाबला जातो, कधी नुसती पांढरी कमान दिसते. त्यामुळे स्टिम्युलेशनच्या आधी पेशी दोनदा धुवून बिनसीरमच्या आरपीएमआय माध्यमात घ्या आणि ३७ ला वीस मिनिटं शांत बसू द्या. हे शांत बसू देणंही टाळू नका, स्पिन आणि पिपेटिंगने पेशी चिडलेल्या असतात आणि मग शून्य मिनिटाच्या लेनमध्येच बँड येतो.

आणि तापमान. ओकेटी३ बर्फावर बसवून मग क्रॉसलिंकर टाकून ३७ ला नेत असाल तर ट्यूब वॉटरबाथमध्येच बुडवा. ड्राय ब्लॉकच्या भोकात ट्यूब सैल बसली की मध्ये हवा राहते आणि तुमची "दोन मिनिटं" म्हणजे पहिलं मिनिटभर पेशी २० डिग्रीलाच. भोकात थेंबभर पाणी टाकलं तरी फरक पडतो. हे मला आमच्या लॅब अटेंडंट काकांनी सांगितलं, कुठल्याही पेपरात वाचलं नव्हतं.

वॅनाडेट पिवळं आहे का?

दुसरा चोर. लायसिस बफरमध्ये सोडियम ऑर्थोवॅनाडेट टाकायचं, शेवटी १ मिलीमोलर, हे सगळ्यांना पाठ असतं. टायरोसिनवरचं फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना तेच अडवतं. पण ते नुसतं पाण्यात विरघळवून चालत नाही, त्यातले रेणू एकमेकांना चिकटून डेकाव्हॅनाडेट होतं, रंग पिवळा-नारिंगी, आणि ते आपल्या कामाचं नाही. २०० मिलीमोलर स्टॉक करा, पीएच १० ला आणा, पिवळं होईल, उकळा, रंग जाईल, गार करा, परत पीएच १० ला आणा, परत पिवळं झालं तर परत उकळा, उकळून गार केल्यावरही पाण्यासारखं स्वच्छ आणि पीएच १० वर स्थिर राहिलं की मग छोटे अलिकोट (वाटे) करून उणे २० ला. काढल्यावर तळाशी खडे दिसले तर गरम करून विरघळवा, वरचंच पाणी घेऊन टाकू नका.

आमच्या फ्रीजमध्ये जी बाटली होती तिच्यावर कधीच पास आउट झालेल्या सिनियरच्या अक्षरात "ॲक्टिव्हेटेड" लिहिलेलं होतं आणि आत गोमूत्राच्या रंगाचं पाणी. लेबलवर विश्वास, डोळ्यांवर नाही. तीन बॅच त्यावर निघाल्या.

दुसरं म्हणजे वॅनाडेटसोबत काय टाकताय ते बघा. ईडीटीए त्याला पकडून ठेवतं, डीटीटी आणि बीटा-मर्कॅप्टो त्याला रिड्यूस करतात, दोन्हीत ते निकामी होतं. आणि प्रोटिएजच्या तयार गोळ्या येतात त्यातल्या कित्येकांत ईडीटीए असतं, डब्यावर बारीक अक्षरात. म्हणजे एका हाताने वॅनाडेट टाकायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचा गळा धरायचा. ईडीटीए नसलेली गोळी घ्या, वॅनाडेट बफरमध्ये अगदी वापरायच्या आधी टाका, कालचा उरलेला बफर नको.

तुमचा चोर लायसिसमध्ये आहे की नाही हे एका दुपारात कळतं. एकाच ट्यूबमधल्या स्टिम्युलेटेड पेशी निम्म्या निम्म्या करा, अर्ध्या उकळत्या लॅमलीत, अर्ध्या तुमच्या नेहमीच्या एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) आणि वॅनाडेटच्या बफरमध्ये, आणि शेजारी शेजारी लोड करा. लॅमलीत बँड आहे आणि एनपी-४० मध्ये नाही, म्हणजे अँटीबॉडी निर्दोष. दोन्हीत नाही, तर पुढे वाचा.

एक लेन कायमची राखून ठेवा

दोन्हीत नसेल तर पेशींनी सिग्नल दिलाच नाही की अँटीबॉडीने वाचला नाही, हे वेगळं करायला एक पक्का पॉझिटिव्ह कंट्रोल लागतो. तो म्हणजे परवॅनाडेट दिलेल्या जर्काट पेशी. वॅनाडेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सारख्या मोलने मिसळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, लगेच पेशींवर, शेवटी साधारण १०० मायक्रोमोलर, पाच मिनिटं. हे पेशीत घुसून टायरोसिन फॉस्फेटेज बंद पाडतं, त्यामुळे रिसेप्टरला हात न लावता सगळ्या टायरोसिनांवर फॉस्फेट साचतं, झॅपवर तर भरपूर. पेरॉक्साइडची बाटली जुनी नको, ती उघडी राहिली की हळूहळू पाणीच होते.

मी अशी एक मोठी बॅच लॅमलीत करून चाळीस अलिकोट उणे ८० ला ठेवलेत आणि प्रत्येक ब्लॉटवर एक लेन त्याची. पण, आणि हे महत्त्वाचं, ते भरपूर लोड करू नका. परवॅनाडेटचा बँड इतका दांडगा असतो की अँटीबॉडी निम्मी मेली तरी तो येतोच आणि तुम्ही म्हणता बघा, अँटीबॉडी तर छान आहे. दहापट पातळ करून असा लावा की चांगल्या दिवशी तो तुमच्या खऱ्या सॅम्पलइतकाच दिसेल. मग ज्या दिवशी तो फिका पडेल त्या दिवशी ब्लॉटकडे बघा, आणि ज्या दिवशी तो ठीक आहे पण ओकेटी३ ची लेन कोरी आहे त्या दिवशी पेशींकडे.

पेशींकडे म्हणजे काय? जर्काट ही एका चौदा वर्षांच्या मुलाच्या रक्ताच्या कॅन्सरमधून आलेली लाइन, जगभर फिरलेली, आणि प्रत्येक लॅबमध्ये तिचं थोडं थोडं वेगळं झालेलं. फार दाट वाढू दिली, महिनोन्महिने पॅसेज करत राहिलं की वरचा सीडी३ कमी झालेल्या पेशींची संख्या वाढत जाते. रिसेप्टरच नाही तर ओकेटी३ चिकटणार कशाला? फ्लोवर (फ्लो सायटोमीटरवर) सीडी३ बघा, दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या लाइनमध्ये एकदा दोन ढीग दिसले होते, एक वर, एक जवळपास शून्यावर, आणि मी तोपर्यंत बफर बदलत बसले होते. मिलीलिटरमागे २ ते १० लाख यात ठेवा, प्रयोगाच्या आदल्या दिवशी पातळ करा, आणि मायकोप्लाझ्मा तपासा, तो कंटाळा सगळेच करतात.

फ्लो मशीनचा स्लॉट मिळत नसेल तर त्याच लायसेटवर फॉस्फो ईआरके (याच साखळीतलं खालचं प्रोटीन) लावा, एक लेन ओकेटी३ आणि एक लेन पीएमए. पीएमए रिसेप्टर आणि झॅप दोघांना ओलांडून खालून ईआरके पेटवतं. त्यामुळे पीएमएत ईआरके आहे आणि ओकेटी३ मध्ये नाही, तर वरचा मजलाच बंद आहे, रिसेप्टर, एलसीके किंवा तुमची ओकेटी३. आणि ओकेटी३ मध्ये ईआरके छान आलाय पण झॅप नाही, तर झॅप बहुतेक येऊन गेला, तुम्ही उशिरा पोचलात. फॉस्फो एकेटी मात्र यासाठी वापरू नका, जर्काटमध्ये पीटेन (एकेटीला आवरणारं प्रोटीन) नसतं त्यामुळे एकेटी काही न करताही पेटलेलाच असतो, आणि एक ज्युनियर त्यावरून "आमच्या पेशी आपोआप ॲक्टिव्हेट होतात" असं प्रेझेंटेशन करून मोकळा झाला होता.

उलटा त्रास: बँड नको तिथे येतो

आता हा भाग जरा सावकाश वाचा कारण यात बँड येतो, छान येतो, आणि तरी चूक असते.

जर्काटवर सगळं बसल्यावर आम्ही माणसांच्या रक्तावर गेलो. फायकॉलवर (पेशी थराथराने वेगळ्या करायचं जड द्रावण) पीबीएमसी, म्हणजे रक्तातल्या एककेंद्री पांढऱ्या पेशी, काढले, ओकेटी३ दिली, आणि शून्य मिनिटाच्या लेनमध्येही बँड. काही दात्यांमध्ये जोरदार, काहींमध्ये नाही. मॅडम खूश, म्हणे दात्यादात्यांत फरक दिसतोय, इंटरेस्टिंग आहे. मी पण खूश. चार महिने आम्ही त्या फरकामागे लागलो.

त्या अँटीबॉडीच्या डेटाशीटवर नावच असतं झॅप-७० टायरोसिन ३१९ आणि तिरकी रेघ देऊन सिक टायरोसिन ३५२. ती तिरकी रेघ मी शंभर वेळा वाचली असेल. सिक म्हणजे झॅपचा सख्खा भाऊ, ७२ किलोडाल्टन, साध्या १० टक्के जेलवर दोघांना वेगळं काढायचं विसरा. आणि अँटीबॉडी ज्या तुकड्यावर बनते तो बघा, व्हॅलिन, टायरोसिन, ग्लुटामेट, सेरिन, प्रोलिन, टायरोसिन, हे सहा दोघांत जसेच्या तसे, त्यानंतर झॅपमध्ये सेरिन आणि सिकमध्ये अलॅनिन, आणि लगेच परत अस्पार्टेट, प्रोलिन, ग्लुटामेट, ग्लुटामेट तेच. एका अमिनो आम्लाच्या फरकावर सशाने काय ओळखावं? त्याचा दोष नाही.

जर्काटमध्ये सिक अगदी कमी असल्याने हा घोळ तिथे दिसतच नाही. पण पीबीएमसीत बी पेशी असतात, मोनोसाइट असतात, आणि दोघांत सिक भरपूर. आणि आमच्या बाबतीत खरा गुन्हेगार तोही नव्हता, तर प्लेटलेट. फायकॉलच्या थरात प्लेटलेट येतातच, धुताना जोरात स्पिन केलं की त्याही पेशींसोबत खाली बसतात, त्यांच्यात सिक असतं आणि सुईच्या धक्क्याने, गारव्याने त्या पटकन चिडतात. ज्या दात्यांचं रक्त काढायला वेळ लागला, शीर सापडत नव्हती, त्यांच्यात "फरक" जास्त दिसत होता. म्हणजे आम्ही चार महिने रोगप्रतिकार नाही, रक्त काढणाऱ्याचं कौशल्य मोजत होतो.

आणि स्टिम्युलेशनने बँड वाढला म्हणजे तो झॅपच असंही समजू नका. ओकेटी३ आणि वरून अँटी-माऊस (उंदराच्या अँटीबॉडींना एकत्र जोडणारी) दिली की त्या जोड्या मोनोसाइट आणि प्लेटलेटवरच्या एफसी रिसेप्टरांनाही (अँटीबॉडीची शेपूट पकडणारे) ओढू शकतात, आणि तिथून पेटतो तो सिकच. वेळेनुसार चढतो, उतरतो, अगदी खऱ्यासारखा.

तेव्हा पीबीएमसीवर हे करत असाल तर, एक, फायकॉलनंतर २०० जी वर दहा मिनिटं असे दोन-तीन हळू स्पिन घ्या म्हणजे प्लेटलेट वरच राहतात. दोन, टी पेशी वेगळ्या काढा, पण निगेटिव्ह सिलेक्शनने, म्हणजे बाकीच्यांना मणी लावून बाजूला करा, कारण सीडी३ ला मणी लावून काढलंत तर काढतानाच त्यांना पेटवलंत. तीन, शंका राहिलीच तर टोटल झॅपच्या अँटीबॉडीने आधी आयपी करा (झॅप लायसेटमधून ओढून काढा) आणि मग फॉस्फो लावा, किंवा त्याच लायसेटवर टोटल सिक लावून बघा, टी पेशींच्या म्हणवणाऱ्या सॅम्पलमध्ये सिक ठणठणीत दिसला तर सॅम्पलच शुद्ध नाही. आणि एखाद्या लॅबकडून पी११६ पेशी मिळाल्या तर सोन्याहून पिवळं, त्या झॅप-७० नसलेल्या जर्काट आहेत, तिथे ७० ला काहीही दिसलं तर ते झॅप नाही एवढं नक्की. तशाच जेकॅम१.६ मध्ये एलसीके नसतो, तिथे टोटल झॅप हवा आणि ओकेटी३ नंतरही फॉस्फो जवळपास नको.

मुळात अँटीबॉडी फॉस्फेटच ओळखतेय का याची खात्री करायची असेल तर मेंब्रेन दोन भागांत कापा, एकाला लॅम्डा फॉस्फेटेज द्या, त्याला मँगनीज लागतं हे विसरू नका, दुसऱ्याला नुसता बफर. फॉस्फेटेजवाल्या भागातला बँड जायला हवा. राहिला तर तुम्ही आजवर टोटलसारखंच काहीतरी बघत होतात.

आता ५० च्या बँडबद्दल, कारण हा प्रश्न हमखास येतो. टोटलसाठी उंदराची अँटीबॉडी आणि अँटी-माऊस सेकंडरी वापरताय आणि फक्त स्टिम्युलेटेड लेनमध्ये ५० ला आणि २५ ला जाड बँड? ती तुमची ओकेटी३ आहे, तिच्याच साखळ्या, तीही उंदराचीच. झॅप तुटला वगैरे काही नाही. (ही ओकेटी३ म्हणजे किडनी ट्रान्सप्लांटमध्ये औषध म्हणून मंजुरी मिळालेली पहिली मोनोक्लोनल अँटीबॉडी, आणि आता आपल्या ब्लॉटवर ५० ला येऊन बसते.)

शेवटी अँटीबॉडीकडे

हो, कधी कधी तिचाही दोष असतो. यातल्या बऱ्याच ट्यूब ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतात, उणे २० ला त्या गोठत नाहीत, म्हणून तिथेच ठेवायच्या असतात आणि अलिकोट करायची गरज नसते. कुणीतरी "जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित" म्हणून उणे ८० ला टाकली की गोठते, आणि मग दर वेळी काढताना वितळते, परत गोठते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरही नको, तो बर्फ घालवायला स्वतःच मधूनमधून गरम होतो. आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते आणि जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ट्यूब थर्माकोलच्या कूलर रॅकमध्ये ठेवतो, दीडशे रुपयांचा उपाय.

दुसरी आपली खास सवय, पातळ केलेली प्रायमरी परत परत वापरणं. मी पण करते, ट्यूबची किंमत बघता कोण फेकणार. टोटल आणि ॲक्टिनसाठी दहा वेळा चालतं. फॉस्फोसाठी माझा नियम तीन वेळा, आणि फाल्कनवर पेनाने तारीख आणि आकडा. एकदा फाल्कनवर रेघा मोजल्या तर अकरा निघाल्या आणि आत द्रव गढूळ, त्यातून लोक "बँड फिका येतोय" म्हणत होते.

ब्लॉकिंग आणि डायल्यूशन बीएसएमध्ये (गाईचं अल्ब्युमिन) करा, टीबीएसटी बफरमध्ये, दुधात नको. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे हे कारण सगळे सांगतात, टायरोसिनच्या अँटीबॉडीला ते कितपत लागू पडतं यावर मी वाद घालणार नाही, पण शेजारी शेजारी करून बघितलं तेव्हा दुधात बँड स्पष्ट फिका आला, मला तेवढं पुरे. स्ट्रिप करून टोटल लावणार असाल तर फॉस्फो आधी, टोटल नंतर, आणि दोन्ही सशाच्या असतील तर स्ट्रिप अर्धवट राहिल्यावर जुनीच अँटीबॉडी त्याच जागी टोटलचं सोंग घेऊन दिसते. नुसती सेकंडरी लावून एकदा बघा, कोरं आलं तरच पुढे जा. मी आता स्ट्रिप करतच नाही, दोन जेल चालवते किंवा टोटलसाठी उंदराची घेते.

सशाची पॉलिक्लोनल असेल तर लॉट बदलला की माल बदलला असं समजा, नवा लॉट म्हणजे बऱ्याचदा नवा ससा. लॉट नंबर वहीत लिहा, तारखेसोबत. रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल मिळत असेल तर तीच घ्या, महाग पडते पण दर वर्षी नवीन ओळख करून घ्यावी लागत नाही.

हे सगळं करूनही फॉर्म भरायचाच असेल तर आधी एवढं करा, डिस्ट्रिब्युटरकडे छोटं सॅम्पल मागा, परवॅनाडेटचं एकच लायसेट चार लेनमध्ये लोड करा, मेंब्रेन मधोमध कापा, अर्ध्याला जुनी, अर्ध्याला नवी, तीच डायल्यूशन, तीच सेकंडरी, आणि दोन्ही तुकडे एकाच वेळी मशीनमध्ये ठेवा. आम्ही तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या आधी हे केलं. जुनी ट्यूब तारखेपेक्षा चौदा महिने पुढे गेलेली होती, आणि दोन्ही तुकड्यांवर बँड इतके सारखे आले की कुठला कुठला हे कोपरा कापल्याच्या खुणेवरून ओळखावं लागलं. फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे, मॅडमच्या सहीसकट.